बेलापूर कळायचं असेल तर आधी पंचांग उघडा

खाजणवाट
नवी मुंबईतलं सीबीडी बेलापूर म्हटलं की डोळ्यांसमोर कोकण भवन, सिडको भवन आणि संध्याकाळची लोकल येते. ऑफिसं सुटली की बेलापूर ओस पडतं असा समज आहे, आणि स्टेशनच्या आजूबाजूपुरता तो खराही आहे. खाडीच्या दिशेने निघालात की शहाबाज, बेलापूर गाव, दिवाळे, किल्ले गावठाण लागतं. तिथली वस्ती सेक्टरांच्या कितीतरी आधीची.

या चर्चामंचावर दोन प्रश्न वरचेवर येतात. बेलापुरात बघण्यासारखं काय आहे? आणि बेलापुरात घर घेतलं तर पाणी भरतं का? माझ्या मते दोन्हींचं उत्तर एकच. उधाणाची, म्हणजे पुनव-अवसेची सर्वात उंच भरती पूर्वी जिथवर यायची ती रेघ नकाशावर मारा. रेघेच्या वर गावठाणं, देवळं, किल्ला. खाली खाजण (भरतीच्या पाण्याखाली येणारी खारी चिखलजमीन), खारी भातखाचरं, मिठागरं, आणि आज त्यावर बसलेले बरेचसे सेक्टर, पामबीच मार्ग आणि तलाव. बेलापूरचा स्वभाव त्या रेघेने ठरवलेला आहे.

जाणकारांनी भर घालावी. 'आमच्या लहानपणी इथे काही नव्हतं' हे सगळ्यांना माहीत आहे, ते नको. मोजमाप, तारखा, कशाने काय बिघडतं, हे लिहा.

बुरूजाखाली
किल्ल्यापासून सुरू करतो. जागा पाहिली की बांधणाऱ्याचं डोकं कळतं. उत्तरेकडून ठाण्याची खाडी, पूर्वेकडून पनवेलची खाडी, आणि दोघी मिळतात तिथलं हे टेकाड. समोर उलवे, दूर नैर्ऋत्येला घारापुरी. पनवेल बंदराकडे जाणारं गलबत या टेकाडासमोरून गेल्याशिवाय पुढे जाऊच शकत नव्हतं. डोंगरी किल्ल्याची उंची इथे शोधू नका. हा नाका होता.

बांधकाम साधारण १५६० ते १५७० च्या दरम्यानचं, सिद्दींचं धरतात. १६८२ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. तेव्हा नाव शाबाज. शहाबाज गावात ते टिकून आहे. अठराव्या शतकात मराठ्यांकडे आला. किल्ला मिळाला तर अमृतेश्वराला बेलाची माळ वाहीन, असा चिमाजी अप्पांचा नवस होता आणि त्यावरून बेलापूर, ही कथा लोक सांगतात. कथा म्हणूनच घ्यावी. १८१७ मध्ये कॅप्टन चार्ल्स ग्रे याने तो इंग्रजांसाठी घेतला आणि पुढे तटबंदी पाडण्यात आली.

आज एक बुरूज आणि तटाचे तुकडे उरलेत. शेजारी गोवर्धनी मातेचं देऊळ. घारापुरीपर्यंत भुयार आहे असं सांगणारा एक तरी माणूस तिथे भेटतोच. अंतर सरळ रेषेत दहा-अकरा किलोमीटर, वर खाडीचा गाळ. इतक्या लांबीत हवा कुठून आणि झिरपणारं पाणी उपसायचं कसं, एवढं विचारलं की भुयार संपतं.

बुरूजाकडे पाहताना दगडांपेक्षा सांधे बघा. जुनं काम चुन्याचं. चुना ओल आत घेतो आणि उन्हात सोडतो. दुरुस्ती म्हणून वरून सिमेंट भरलं की खारी ओल आतच अडकते, मीठ दगडाच्या पाठीमागे जमतं आणि दोन-चार पावसाळ्यांत दगडाचा पापुद्रा सुटतो. दुसरा शत्रू पिंपळ. बुंधा वरून तोडला तर मुळं जाड होत राहतात. रोप बोटाएवढं असताना मुळासकट निघालं पाहिजे, आणि भोक लगेच चुन्यानेच बुजवलं पाहिजे.

दुसरा_वर्ग
छोटीशी सूचना. बाहेरगावच्या पाहुण्यांना 'बेलापूरचं तिकीट काढा' असं सांगू नका. रेल्वेच्या लेखी नुसतं 'बेलापूर' म्हणजे श्रीरामपूरचं स्टेशन, अहिल्यानगर जिल्ह्यातलं. इथलं 'सीबीडी बेलापूर'.

तारखाही एकदा लिहून टाकतो, दरवेळी वाद होतो. मानखुर्द ते वाशी १९९२, बेलापूर १९९३, पुढे पनवेलपर्यंत १९९८. ठाणे-वाशी २००४. नेरूळ/बेलापूर ते खारकोपर नोव्हेंबर २०१८ आणि उरणपर्यंत १२ जानेवारी २०२४. मेट्रो बेलापूर ते पेंधर १७ नोव्हेंबर २०२३, अकरा स्टेशनं.

उघाडी
खाजणवाट यांची रेघ बरोबर आहे, पण ती निसर्गाने मारलेली नाही. खारबांधाने मारलेली आहे, आणि तो बांध पिढ्यान्‌पिढ्या आगरी आणि कोळी माणसांनी हाताने राखलेला आहे. त्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर.

खारबांध म्हणजे खाजणातल्या चिकणमातीचा बांध, लाटेकडच्या बाजूला दगड. उंची उधाणाच्या भरतीपेक्षा थोडी जास्त. आतल्या बाजूने उतार सौम्य ठेवावा लागतो, कारण पाणी कधी माथ्यावरून उलटलंच तर उभा उतार आधी खचतो. पावसाचं गोडं पाणी बाहेर जायला बांधात उघाडी ठेवतात. उघाडीचं दार वरून टांगलेलं आणि खाडीच्या बाजूला उघडणारं. ओहोटीला आतलं पाणी दाराला ढकलून बाहेर पडतं. भरतीला बाहेरचं पाणी तेच दार दाबून बंद करतं. माणूस लागतो तो फक्त अडकलेली फांदी काढायला.

बांध फुटतो तो लाटेने क्वचितच. फुटतो चिंबोरीच्या बिळाने. बीळ बोटभर असतं, भरतीला त्यातून पाणी आत येतं, येताना माती धुऊन आणतं, आठवडाभरात मनगटाएवढं होतं. वरून चिखल थापून ते बुजत नाही, आत पोकळी राहते. बिळाच्या रेषेत आडवा चर खणायचा, बीळ सापडेपर्यंत खाली जायचं, आणि ओल्या चिकणमातीचे गोळे थराथराने पायाने चेपत वर यायचं. वाळूमिश्रित माती चालत नाही. काम ओहोटी लागल्या लागल्या सुरू केलं तरच पुढच्या भरतीच्या आत उरकतं.

एकदा खारं पाणी शेतात शिरलं की जमीन पुन्हा भाताला येईपर्यंत दोन-तीन पावसाळे जातात. पावसाचं पाणी साठवायचं, मीठ विरघळलं की उघाडीतून सोडायचं, पुन्हा साठवायचं. म्हणून बांध कधीच एकट्याचा नसायचा. ज्याची जमीन बांधापासून लांब, त्यालाही डागडुजीला यावं लागायचं. किनाऱ्याजवळच्या खाचरांत मीठ सोसणारा तांबडा राता भात, आणि त्याहून खाली मिठागरं.

नकाशेवाला
उघाडी यांनी जे लिहिलंय तेच तत्त्व सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, काँक्रीटमध्ये केलं. फक्त नाव बदललं: धारण तलाव, म्हणजेच होल्डिंग पाँड. नवी मुंबईत असे तलाव ठिकठिकाणी आहेत, बेलापुरातही. लोक त्यांना शोभेचं तळं समजतात.

कारण सरळ आहे. सगळं खाजण भरून उंच करायला डोंगरच्या डोंगर लागले असते. म्हणून भराव मर्यादित ठेवला आणि हॉलंडसारखी व्यवस्था केली. डोंगरावरून आणि सेक्टरांतून येणारे नाले तलावात. तलावाच्या तोंडाशी वरून टांगलेली झडप. भरती असेल तर झडप बंद, पाऊस तलावात साठतो. ओहोटी लागली की झडप उघडते, तलाव रिकामा होतो.

आता आकडे, म्हणजे गाळाचं महत्त्व कळेल. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख घनमीटर पाणी. डांबर आणि काँक्रीटच्या वस्तीत त्यातलं ७० टक्के वाहून येतं असं धरा: सत्तर हजार घनमीटर. एक हेक्टर तलावात एक मीटर खोलीला दहा हजार घनमीटर मावतं. म्हणजे त्या एका चौरस किलोमीटरला मीटरभर खोलीचा सात हेक्टर तलाव हवा. गाळाने अर्धा मीटर खाल्ला की निम्मी सोय गेली. उरलेलं पाणी कुठे जाणार? रस्त्यावर.

बिघडतं कसं, त्याचा क्रम नेहमी ठरलेला. झडपेच्या ओठात थर्माकोल, बाटली किंवा फांदी अडकते. वीतभर फट राहते. भरतीचं खारं पाणी त्या फटीतून सहा तास आत येत राहतं, सोबत गाळ आणि कांदळवनाची बीजं. गाळ बसतो, बीज रुजतं. एकदा कांदळवन उभं राहिलं की ते संरक्षित. २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित. मग गाळ काढायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. झाडांचा यात काहीच दोष नाही, ती खाजणातच वाढणार. चूक त्या वीतभर फटीची.

तपासायला अभियंता लागत नाही. कोरड्या दिवशी, पाऊस नसताना, भरतीच्या वेळी तलावाच्या कडेला दगडावर खडूने खूण करा आणि तासाभराने पुन्हा बघा. पाणी चढलं असेल तर झडप गळते आहे.

भाबडाप्रश्न
पण 'भरती साडेचार मीटर' असं बातमीत येतं आणि लोक घाबरतात. साडेचार मीटर कुठून? रस्त्यापासून?

नकाशेवाला
नाही. ती पातळी भरती-ओहोटीच्या तक्त्याच्या शून्यापासून मोजतात, आणि तो शून्य जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीचा. मुंबईत सरासरी समुद्रसपाटीच त्या शून्यापासून साधारण अडीच मीटर वर आहे. म्हणजे साडेचारची भरती सरासरीपेक्षा दोनेक मीटर उंच. नुसती भरती आली म्हणून सेक्टर बुडत नाही. त्याच तीन-चार तासांत मोठा पाऊस आला आणि तलाव आधीच भरलेला असला, तर बुडतो. हवामानाची बातमी ऐकताना आकड्याइतकंच वेळेकडे लक्ष द्या.

पाऊणपट
वेळेसाठी मोबाईलची गरज नाही. किनाऱ्यावरचा जुना हिशोब: तिथीला तीनने गुणा, चारने भागा. आलेला आकडा म्हणजे भरतीचा तास, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. तीनला भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. शुद्ध-वद्य दोन्ही पक्षांत तेच.

बारकावे दोन. पाऊणपट हा तोंडी हिशोबाला सोपा म्हणून. प्रत्यक्षात भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, पंचेचाळीस नाही. त्यामुळे दशमी-एकादशीनंतर हिशोब मागे पडतो आणि भरती अर्धा-पाऊण तास उशिरा येते. दुसरं, छापील तक्ता अपोलो बंदराचा असतो. खाडीत आत पाणी थोडं मागाहून पोचतं.

आणखी एक घोळ. पुनवेला आणि अवसेला उधाण असतं, म्हणजे भरती सर्वात उंच आणि ओहोटीही सर्वात खोल. पण ती खोल ओहोटी सकाळी सहाच्या आसपास आणि संध्याकाळी. दुपारची ओहोटी हवी म्हणून अष्टमी निवडली तर तो भांगाचा दिवस, पाणी फारसं उतरतच नाही. चिखल, खुंट, जुने दगडी धक्के बघायचे तर पुनवेनंतरच्या एक-दोन दिवसांत पहाटे उठायला पर्याय नाही. खरं उधाणही पुनवेला नसून त्यानंतर एक-दोन दिवसांनीच असतं.

आणि चिखलात उतरणाऱ्यांसाठी: पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांचे बारा हिस्से केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. 'अजून तर घोट्याएवढंच आहे' म्हणणारे तिथेच फसतात.

साडेबारा
सगळं वाचलं. माहिती चोख आहे, पण मूळ मांडणी मान्य नाही. बेलापूर पाण्याने ठरवलं नाही, भूसंपादनाने ठरवलं. रेघ भरतीची असेल, पण तिच्या खालची जमीन कोणाची होती आणि कोणाची झाली, हे धाग्यात आतापर्यंत आलेलंच नाही.

कल्पना १९६५ ची. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता व अभियंता शिरीष पटेल यांनी मुंबईच्या समोर खाडीपलीकडे नवं शहर सुचवलं. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. नकाशात गावठाणं वगळली आणि भोवतालची शेतं, मिठागरं, खाजणं घेतली. म्हणून आज प्रत्येक गाव सेक्टरांनी घेरलेल्या बेटासारखं दिसतं. कुटुंब वाढलं, पसरायला जागा नाही, म्हणून मजल्यावर मजला. 'गरजेपोटीची घरं' हा शब्द तिथून आला. पुढे येऊन 'गावात किती दाटीवाटी आहे हो' म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ ला शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई-दास्तान फाटा भागात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा त्या लढ्यातून मिळाला.

साडेबारा टक्के म्हणजे हातात साडेबारा येत नाहीत, हेही नोंदवा. त्यातून सामाजिक सुविधांसाठी ३.७५ टक्के वजा होतात, उरतात ८.७५. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर गेली तर कागदावर ५०६, प्रत्यक्ष भूखंड ३५४ चौरस मीटरच्या आसपास. त्यात भावंडं चार-पाच असली की भूखंड एकत्र करून बिल्डरला देण्यावाचून मार्ग राहत नाही. मग त्रिपक्षीय करार: सिडको, मूळ वाटपधारक आणि बिल्डर.

खाजणवाट
साडेबारा, मुद्दा मान्य. दुरुस्ती करतो: रेघ बांधाने मारली आणि सातबाऱ्याने पुसली. पण खाजण शेतीपेक्षा स्वस्त समजलं गेलं म्हणूनच ते आधी घेतलं गेलं, इथे पाणी परत येतंच ना?

साडेबारा
येतं. पण मिठागरात राबणाऱ्याच्या नावावर जमीन नसायची, मीठ बंद झालं तेव्हा त्याला टक्काही मिळाला नाही. ते पाण्याच्या हिशोबात बसत नाही. असो, पुढे चला.

सेक्टर_आठ
डोंगराच्या बाजूचंही बोलू. आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत, सेक्टर ८, पारसिक टेकडीच्या पायथ्याशी. कोरियांचंच काम, १९८३ ते १९८६. परदेशातून वास्तुशास्त्राचे विद्यार्थी येतात आणि स्टेशनवर रिक्षावाल्याला समजावून दमतात.

नकाशा समजून घेतला तरच तिथे चालण्यात मजा. सात घरं एका ८ बाय ८ मीटरच्या अंगणाभोवती. असे तीन गट मिळून एकवीस घरं, त्यांच्या मध्ये १२ बाय १२ चं मोठं अंगण. अशा तीन मिळून त्याहून मोठी मोकळी जागा, आणि सगळ्याच्या मधून वाहणारा ओढा. ५.४ हेक्टरवर सुमारे ५५० कुटुंबं, हेक्टरी शंभर, आणि तेही दोन मजल्यांच्या वर न जाता. टॉवर न बांधता दाटी साधता येते, हे दाखवायचं होतं.

भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटर. गरीब आणि बरी परिस्थिती असलेल्यांत फरक इतकाच. दोन घरांत सामाईक भिंत नाही, म्हणजे शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावं. विटांच्या भिंती, उतरती कौलं, साध्या गवंड्याला जमेल असं काम.

हीच मोकळीक पुढे गोत्यात आली. घर वाढवायची मुभा होती, लोकांनी पाडून नवंच बांधलं. आज मूळ रूपातली घरं शोधावी लागतात. दुसरं, अंगण सगळ्यांचं म्हणजे राखायचं कोणी? ८ बाय ८ मध्ये दोन गाड्या लागल्या की अंगण संपतं. १९८३ साली दारात चारचाकी कोण गृहीत धरणार होतं.

ज्यांच्याकडे अजून जुनं घर आहे त्यांनी एवढं पाहावं. भार भिंतींवर आहे, खांबांवर नाही. हलकं छप्पर काढून त्याच भिंतींवर स्लॅब आणि वर मजला चढवला की आधी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते. मजला हवाच असेल तर पायापासून वेगळे खांब उभे करा. आणि डोंगराकडची भिंत: उताराचं पाणी पायाशी थांबतं. आतून वॉटरप्रूफिंगचे थर देऊन उपयोग नाही. बाहेर भिंतीलगत फूटभर रुंद, जोत्याच्या खालपर्यंत चर, तळाला उतार, त्यात खडी, आणि पाणी ओढ्याकडे.

गाळपाया
मग उलट बाजूचं, म्हणजे रेघेखालच्या सेक्टरांचं मी सांगतो. 'बिल्डिंग खचतेय' अशी घबराट बऱ्याचदा चुकीची असते. खाडीच्या चिकणगाळावर इमारत पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर उभी, पाइल खाली मुरुमा-खडकापर्यंत. ती जागची हलत नाही. खाली जातो तो भोवतालचा भराव. खालचा गाळ पाणी सोडत वर्षानुवर्षं दबत राहतो आणि फरसबंदी बसते.

ओळखायचं कसं? प्रवेशद्वाराची पहिली पायरी बघा. मूळ पायऱ्यांच्या खाली नंतर जोडलेली एखादी जादा पायरी, जोत्याभोवती फट, कुंपणाची भिंत लाटेसारखी. हे दिसलं तर लगेच ड्रेनेजकडे जा. सांडपाण्याचा पाइप इमारतीतून बाहेर येतो तिथे एक टोक पाइलवर स्थिर, दुसरं भरावात खाली जाणारं. सांधा तिथेच तुटतो किंवा उतार उलटा होतो. तळमजल्याचं वारंवार तुंबणं सफाई कामगाराने सुटत नाही ते यामुळे. पहिल्या चेंबरपर्यंतचा पाइप काढून नव्या उताराने टाकायचा आणि बाहेर पडतो तिथे लवचीक सांधा द्यायचा.

खाऱ्या हवेचं दुसरं. सळईच्या रेषेत सरळ जाणारी भेग आणि तपकिरी डाग म्हणजे आत गंज. किनाऱ्यालगतच्या बांधकामात सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण भारतीय मानकात सांगितलंय. छज्जे आणि बाल्कनीच्या पट्टीत तेवढं क्वचित सापडतं. वरून प्लास्टर मारणं म्हणजे जखमेवर पावडर. सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडायचं, गंज घासायचा, मग लेप, मग पॉलिमर मॉर्टर.

भाबडाप्रश्न
आणि कागद? सिडकोच्या भूखंडावरचा फ्लॅट आणि गावातला फ्लॅट यात किमतीत एवढा फरक का?

साडेबारा
कारण कागदात आहे. सिडकोच्या भूखंडाची जमीन भाडेपट्ट्याने, विकत नाही. म्हणून वाटपपत्र, भाडेकरार, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, आणि पुनर्विक्री असेल तर सिडकोचा हस्तांतरणाचा आदेश, ही साखळी बघायची. मधली एक कडी नसली की गृहकर्ज अडतं. साडेबाराच्या भूखंडावर असेल तर त्रिपक्षीय करार, आणि मूळ वाटपधारकाच्या सगळ्या वारसांच्या सह्या. सर्वात जास्त वाद वारसांच्या सह्यांवरून होतात.

गावठाणात बांधकाम परवानगी मागा. नसेल तर स्वस्त का, ते कळलं. मालमत्ता कराची पावती म्हणजे परवानगी नव्हे, हे दहा वेळा सांगूनही लोक तीच पावती दाखवतात.

डोलकर_नाका
खाडीवर पान भरलं आणि मासळीचं नाव नाही? दिवाळे हे कोळीवाडं अजून चालतं आहे, संग्रहालय झालेलं नाही.

इथली मुख्य जाळी डोल. नरसाळ्यासारखं लांब जाळं, तोंडाकडे आस (जाळ्याचा डोळा) मोठा, शेपटाकडे बारीक, तोंड ओढीच्या (प्रवाहाच्या) दिशेला करून खुंटाला बांधलेलं. डोल ओढीवर चालते, म्हणून उधाणात धंदा, भांगात जाळी सुकवणं आणि सांधणं. पाणी उलटायच्या आत जाळं उचललं नाही तर शेपूट पिळवटतं आणि मासळी चिरडते. पाऊणपट यांचा हिशोब इथे रोजच्या कामाचा आहे.

खाडीत बोय, कोलंबी, जवळा, चिंबोऱ्या, निवट्या. जिताडा मिळाला तर नशीब. चिंबोरी घेताना मागच्या पायाजवळ पोटाच्या कवचावर अंगठ्याने दाबा. दबली तर पोकळ, नुकतीच कात टाकलेली. घट्ट लागली तर भरलेली. अवसेला भरलेली आणि पुनवेला पोकळ असं म्हणतात, तरी अंगठ्यावर भरवसा ठेवावा. निवटी जिवंतच घ्यायची आणि राख किंवा मीठ चोळून बुळबुळ काढल्याशिवाय कापायची नाही, नाहीतर चिखलाचा वास कालवणभर.

दिवाळीत गावचे लोक घारापुरीजवळच्या पाण्यातून बहिरीदेव बाहेर काढून गावात आणतात, पूजा करून पुन्हा पाण्यात ठेवतात. शेजारी आग्रोळीत एक गाव एक गणपती, तोही अनेक दशकांपासून. दोन्ही वेळी गावात गाडी घालू नका, वळायला जागा नसते.

दुसरा_वर्ग
जलवाहतुकीचंही कोणीतरी लिहा. १९९० च्या दशकात हॉवरक्राफ्ट होती, बंद पडली. १७ फेब्रुवारी २०२२ ला बेलापूर जेट्टीवरून वॉटर टॅक्सी सुरू झाली. टिकत का नाही?

डोलकर_नाका
ओहोटी. पनवेल खाडीत गाळ चढलाय, आणि खाली पाणी किती आहे ते तासागणिक बदलतं. ऑफिसची वेळ नऊची, भरतीची वेळ रोज पन्नास मिनिटं पुढे. लोकलसारखं वेळापत्रक द्यायचं तर सतत गाळ काढून खोली राखावी लागते, आणि त्याचा खर्च तिकिटात बसत नाही. मासेमारी होडीला ही अडचण नाही, ती पाण्याप्रमाणे निघते.

भाबडाप्रश्न
एवढं वाचून या रविवारी जायचं ठरवलंय. पंचांगात वद्य तृतीया आहे. काय बघू, कुठल्या क्रमाने?

पाऊणपट
तीन त्रिक नऊ, भागिले चार, सव्वादोन. भरती सव्वादोन-अडीचला, ओहोटी आठ-साडेआठला, आणि पुनवेला तीनच दिवस झाल्याने पाणी चांगलं उतरलेलं. सकाळी साडेसातला दिवाळ्याच्या धक्क्यावर पोचा. तिथून किल्ला. ऊन चढलं की डोंगराच्या बाजूला सेक्टर ८, झाडं आहेत. दीडच्या सुमाराला परत धारण तलावाकडे या, तेव्हा झडप बंद असायला हवी.

नकाशेवाला
आणि खडू न्या. उघडी दिसली तर फोटोत वेळ येऊ द्या, इथे टाका.

डोलकर_नाका
मासळी सकाळीच घ्या, पण मग सेक्टर ८ ला पिशवी घेऊन फिरू नका. तिथल्या मांजरी हुशार आहेत. बर्फाचा डबा लागेल.